रेडिओ व्यत्यय मोजणारे उपकरण मानकाला धरून आहे का? निवड, पडताळणी आणि वापर

वेर्णा, कुंडई किंवा तुये येथील एखाद्या लहान कारखान्यात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर किंवा मोटारींचे नियंत्रक तयार होत असतील, तर कधी ना कधी ते उत्पादन रेडिओ व्यत्ययाच्या चाचणीला पाठवावेच लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा बहुधा गोव्याबाहेर असते आणि प्रत्येक फेरीला वेळ व पैसा लागतो, म्हणून प्राथमिक तपासणी आपल्याच टेबलावर करण्याची सोय असावी असे अनेकांना वाटते. विचार योग्य आहे, पण त्यासाठी घेतलेले उपकरण मानकाच्या व्याख्येत बसणारे नसेल तर त्यावर दिसणाऱ्या आकड्याची मर्यादेशी तुलना करता येत नाही, मग ते कितीही महाग असो. हा लेख उपकरण निवडणे, ते पडताळणे आणि त्यावरचा आकडा वाचणे या तीन कामांविषयी आहे.

आकडा उपकरणावर का अवलंबून असतो

साध्या साइन लहरीचा व्होल्टेज कोणत्याही चांगल्या मीटरने मोजला तरी जवळपास सारखाच येतो. स्विचिंग पुरवठ्यातून किंवा ब्रशच्या मोटरमधून निघणारा व्यत्यय मात्र छोट्या, तीव्र पल्सचा असतो, आणि पल्सचे वाचन रिसीव्हरची (व्यत्यय मोजणाऱ्या यंत्राची) बँडविड्थ, म्हणजे ते एका वेळी वारंवारतेचा किती रुंद भाग ऐकते, आणि डिटेक्टर, म्हणजे सिग्नलचे आकड्यात रूपांतर करणारा भाग, किती लवकर भारित होतो आणि किती सावकाश रिकामा होतो यावर ठरते. त्यामुळे व्यत्ययाची पातळी सांगायची तर आधी मोजणाऱ्या उपकरणाचे वर्तनच निश्चित करावे लागते.

हे काम सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती करते. ती १९३४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि आज आयईसी या विद्युत मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भाग आहे. त्या काळात प्रश्न रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या कानाचा होता. क्वचित येणारा खट् असा आवाज श्रोता सहन करतो, पण तेवढ्याच उंचीचा आवाज सेकंदाला शेकडो वेळा आला की कार्यक्रम ऐकणे अशक्य होते. हा फरक मापनात यावा म्हणून क्वासी-पीक डिटेक्टर ठरवण्यात आला. दूरचित्रवाणी आणि डिजिटल सेवा आल्यावर त्याच्या जोडीला सरासरी आणि आरएमएस-सरासरी डिटेक्टर आले, तरी अनेक मर्यादा आजही क्वासी-पीकमध्येच लिहिलेल्या आहेत.

पहिली पायरी: आपल्याला कोणते मानक लागू होते

मानकांचे दोन थर आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. मर्यादा उत्पादनाच्या मानकात असतात: घरगुती उपकरणांसाठी सिस्पर १४-१, दिव्यांसाठी सिस्पर १५, औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी सिस्पर ११, संगणक व मल्टिमीडियासाठी सिस्पर ३२ आणि वाहनातील रिसीव्हरांच्या संरक्षणासाठी सिस्पर २५. उपकरण कसे असावे हे मात्र सिस्पर १६ या मालिकेत सांगितले आहे. तिच्या १६-१-१ या भागात रिसीव्हर, १६-१-२ मध्ये वीजवाहिनीला जोडायची नेटवर्क, १६-१-३ मध्ये व्यत्ययशक्ती मोजण्याचा क्लँप, १६-१-४ मध्ये अँटेना व चाचणीस्थळ आणि १६-१-६ मध्ये अँटेनाचे कॅलिब्रेशन येते. १६-२ या गटात मोजण्याच्या पद्धती आहेत आणि १६-४-२ मध्ये उपकरणांमुळे येणारी अनिश्चितता आहे.

१६-१-१ ची पाचवी आवृत्ती २०१९ ची आहे, पण ती नवीन आहे म्हणून आपल्याला तीच लागू होते असे नाही. आपल्या उत्पादनाच्या मानकात संदर्भ देताना आवृत्तीचे वर्ष लिहिले असेल, तर त्याच वर्षाची आवृत्ती बंधनकारक असते. ग्राहकाशी किंवा प्रयोगशाळेशी बोलण्याआधी ही ओळ शोधून ठेवावी. उत्पादन दूरसंचार जाळ्याला जोडले जाणार असेल तर दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची अनिवार्य चाचणी योजनाही वेगळी पाहावी लागते.

दुसरी पायरी: बँड आणि बँडविड्थ

१६-१-१ मध्ये वारंवारतेचे पट्टे अक्षरांनी ओळखले जातात. ए पट्टा ९ ते १५० किलोहर्ट्झ आणि त्याची बँडविड्थ २०० हर्ट्झ. बी पट्टा १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ, बँडविड्थ ९ किलोहर्ट्झ. सी आणि डी मिळून ३० ते १००० मेगाहर्ट्झ, बँडविड्थ १२० किलोहर्ट्झ. ई पट्टा १ ते १८ गिगाहर्ट्झ, आणि तेथे १ मेगाहर्ट्झ.

येथे सर्वांत जास्त फसगत होते. १ गिगाहर्ट्झच्या खालच्या या बँडविड्थ ६ डेसिबलवर मोजलेल्या असतात, तर सामान्य स्पेक्ट्रम ॲनलायझरवर लिहिलेली बँडविड्थ बहुधा ३ डेसिबलची असते. गॉसियन फिल्टरची ६ डेसिबल बँडविड्थ ३ डेसिबलच्या सुमारे १.४१ पट असते. म्हणजे ९ किलोहर्ट्झ नाही म्हणून ॲनलायझरवर १० किलोहर्ट्झ निवडले, तर प्रत्यक्षात १४ किलोहर्ट्झच्या फिल्टरने मोजले जाते आणि पल्सचा व्यत्यय जवळजवळ ४ डेसिबलने जास्त दिसतो. १२० ऐवजी १०० किलोहर्ट्झ निवडल्यास चूक दीड डेसिबलच्या आत राहते. साइन लहरीवर मात्र दोन्ही ठिकाणी काहीच फरक दिसत नाही, आणि म्हणूनच ही चूक साध्या सिग्नल जनरेटरने पकडता येत नाही. विक्रेत्याला "ईएमआय फिल्टर आहे का" असे न विचारता "२०० हर्ट्झ, ९ किलोहर्ट्झ आणि १२० किलोहर्ट्झ हे ६ डेसिबलचे फिल्टर यंत्रात आहेत का" असे विचारावे.

तिसरी पायरी: डिटेक्टर आणि पल्सला मिळणारा प्रतिसाद

क्वासी-पीक डिटेक्टरचे कालांक (भारित किंवा रिकामे होण्याचा वेग सांगणारे काळ) मानकात ठरलेले आहेत. ए पट्ट्यात भारित होण्याचा कालांक ४५ मिलिसेकंद आणि रिकामा होण्याचा ५०० मिलिसेकंद. बी पट्ट्यात १ आणि १६० मिलिसेकंद. सी व डी पट्ट्यांत १ आणि ५५० मिलिसेकंद. यांशिवाय जुन्या काट्याच्या मीटरचा जडपणा म्हणून ए व बी पट्ट्यांत १६० आणि सी-डीमध्ये १०० मिलिसेकंदांचा कालांक धरला जातो. आज मीटरच्या जागी पडदा असला तरी हा जडपणा सॉफ्टवेअरमध्ये तसाच ठेवावा लागतो, कारण मर्यादा त्या मीटरवरच ठरल्या होत्या.

पुढची कसोटी पल्सच्या पुनरावृत्तीची. बी पट्ट्यात सेकंदाला १०० पल्स हा आधार धरतात. तेवढेच वाचन मिळवण्यासाठी सेकंदाला १००० पल्स असताना पल्सची उंची ४.५ डेसिबलने कमी लागते, २० पल्स असताना ६.५ ने आणि १० असताना १० डेसिबलने जास्त लागते, आणि एकच सुटी पल्स असेल तर २३.५ डेसिबल जास्त. सी व डी पट्ट्यांत उतार अधिक तीव्र आहे: १००० ला ८ डेसिबल कमी, १० ला १४ आणि सुट्या पल्सला ३१.५ डेसिबल जास्त. यांची सहनमर्यादा १ ते २ डेसिबलची आहे. १ गिगाहर्ट्झच्या खाली साइन लहरीच्या वाचनासाठी उणे-अधिक २ डेसिबल चालते.

हा प्रतिसाद पाळणे कठीण का, तर सुटी पल्स मोजताना तिची खरी उंची दिसणाऱ्या आकड्यापेक्षा खूप जास्त असते आणि रिसीव्हरच्या पुढच्या भागाला ती विकृत न होता झेलावी लागते. म्हणून डिटेक्टरच्या आधी ए पट्ट्यात २४, बी पट्ट्यात ३० आणि सी-डी पट्ट्यांत ४३.५ डेसिबलची ओव्हरलोड क्षमता मागितलेली आहे. पूर्वनिवड फिल्टर (मोजायच्या पट्ट्याबाहेरचे सिग्नल आधीच अडवणारा फिल्टर) नसलेल्या स्वस्त ॲनलायझरला ही क्षमता सांभाळता येत नाही. सेकंदाला २० पेक्षा कमी पल्स असतील तर तो विश्वासार्ह नाही, हे मानकही मान्य करते. थर्मोस्टॅटचे क्लिक मोजायचे असतील तर असा ॲनलायझर घेऊच नये. स्विचिंग चार्जरची प्राथमिक तपासणी मात्र त्यावर बऱ्यापैकी होते.

मानकातला खास पल्स जनरेटर नसेल तरी सापेक्ष प्रतिसाद घरच्या घरी तपासता येतो. पल्स मॉड्युलेशन असलेला सिग्नल जनरेटर घ्यावा, बी पट्ट्यासाठी सुमारे १० मायक्रोसेकंद आणि सी-डीसाठी १ मायक्रोसेकंद रुंदीची पल्स ठेवावी, कारण ती फिल्टरच्या प्रतिसादकाळापेक्षा बरीच लहान असली पाहिजे. मॉड्युलेटर बंद असताना कॅरिअर पुरेसा दाबला जातो ना, हे आधी पाहावे. नंतर उंची तशीच ठेवून पुनरावृत्ती १०० वरून १० हर्ट्झवर आणावी. पीक डिटेक्टरचे वाचन हलू नये. क्वासी-पीकचे वाचन बी पट्ट्यात १० आणि सी-डी पट्ट्यांत १४ डेसिबलने खाली यावे. ते फक्त चार-पाच डेसिबलने खाली आले, तर यंत्रावरचे "क्यूपी" (क्वासी-पीक) हे अक्षर शोभेचे आहे असे समजावे. एफएफटी पद्धतीचे (अनेक वारंवारता गणिताने एकाच वेळी मोजणारे) रिसीव्हर २०१० पासून मानकात मान्य आहेत, पण त्यांनीही हाच प्रतिसाद द्यावा लागतो. ही तपासणी विक्रेत्याच्या समोर, पैसे देण्यापूर्वी करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: लिसन आणि जमिनीचा पत्रा

वीजवाहिनीतून परत जाणारा व्यत्यय मोजताना प्रत्येक कारखान्याचा पुरवठा वेगळा असल्यामुळे एक ठरावीक प्रतिबाधा मधे घालावी लागते. तिलाच बोलीत लिसन म्हणतात. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झसाठी ती ५० ओहम आणि ५० मायक्रोहेन्रीची असते. ९ किलोहर्ट्झपासून मोजायचे असेल तर त्यात आणखी ५ ओहमचा रोध लागतो. प्रतिबाधेच्या आकारमानात २० टक्के आणि कलेत (फेज कोनात) ११.५ अंशांपर्यंत फरक चालतो. विकत घेताना या दोन्हींचा आलेख मागावा; केवळ आकारमानाचा आलेख अपुरा आहे.

लिसनमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात मोठे कपॅसिटर असतात आणि २३० व्होल्टला त्यांतून अर्धा अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह अर्थमध्ये वाहतो. म्हणून त्या ओळीवर ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच लगेच खाली पडतो, आणि अर्थ सुटलेली असेल तर लिसनची पेटी जिवंत होते. पेटी जमिनीच्या पत्र्याला आणि अर्थला पक्की बांधून झाल्यावरच पुरवठा जोडावा, आणि आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असावा. गोव्याच्या जांभ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात तो मोजून पाणी घालणे सुरक्षेसाठी गरजेचे आहे. मापनाच्या अचूकतेशी मात्र या खड्ड्याचा फारसा संबंध नाही. रेडिओ वारंवारतेला अर्थची लांब तार म्हणजे एक इंडक्टर असतो. तेथे लिसन आणि पत्रा यांच्यातली रुंद, आखूड पट्टीच कामाची ठरते.

टेबलावरील उपकरणाची मांडणी मोजून करावी: टेबल ८० सेंटिमीटर उंच, मागचा उभा पत्रा ४० सेंटिमीटरवर, उपकरण आणि लिसन यांच्यात ८० सेंटिमीटर, आणि जास्तीची तार ३० ते ४० सेंटिमीटरच्या घडीत बांधलेली. पत्रा किमान २ बाय २ मीटर असावा. तारेची घडी बदलली की काही मेगाहर्ट्झच्या वरचे आकडे बदलतात, म्हणून पहिल्या दिवशीच छायाचित्र काढून ठेवावे.

पाचवी पायरी: अँटेना, स्थळ आणि गोव्याचा हवेतला गोंगाट

क्षेत्राची तीव्रता म्हणजे रिसीव्हरचे वाचन, अँटेना फॅक्टर (अँटेनाच्या व्होल्टेजवरून क्षेत्र काढण्याचा दुरुस्तीचा आकडा) आणि केबलचा तोटा यांची डेसिबलमधली बेरीज. समजा १०० मेगाहर्ट्झवर वाचन २० डेसिबल मायक्रोव्होल्ट, फॅक्टर १३ आणि केबलचा तोटा २ आहे, तर क्षेत्र ३५ डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ३ मीटर अंतरावर सिस्पर ३२ च्या बी वर्गाची (घरगुती वापराच्या उपकरणांची) मर्यादा ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये ४० आणि त्यावर १००० मेगाहर्ट्झपर्यंत ४७ आहे. ३० ते ३०० मेगाहर्ट्झसाठी बायकोनिकल, त्यावर लॉग-पिरियॉडिक, १ गिगाहर्ट्झनंतर हॉर्न आणि ३० मेगाहर्ट्झच्या खाली ६० सेंटिमीटरची लूप ही नेहमीची निवड आहे. फॅक्टरचा तक्ता ज्या अंतरासाठी काढला आहे ते अंतर प्रमाणपत्रावर वाचावे.

स्थळासाठी ३० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये दोन अँटेनांमधील मोजलेला क्षय सैद्धांतिक क्षयापासून ४ डेसिबलच्या आत असावा लागतो आणि मोजताना अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली फिरवावी लागते. कारखान्याच्या शेडमध्ये, पत्र्याच्या छपराखाली हे जमत नाही. तेथे उत्सर्जनाचे मापन फक्त तुलनेसाठी वापरावे: फेराइट बसवण्याआधी आणि नंतर, सगळी मांडणी तशीच ठेवून.

बाहेरच्या लहरींची ओळख आधी करून घ्यावी. उपकरण बंद ठेवून एक पूर्ण स्कॅन घ्यावा. पणजी आकाशवाणीचे मध्यमलहरींवरील १२८७ किलोहर्ट्झचे केंद्र वीजवाहिनीतल्या मापनात सरळ घुसते, एफएमवर १०५.४ मेगाहर्ट्झ आणि शेजारची केंद्रे दिसतात, दाबोळीच्या आसपास १०८ ते १३७ मेगाहर्ट्झचा विमानांचा पट्टा गजबजलेला असतो. आसमंत मर्यादेपेक्षा निदान ६ डेसिबलने खाली असावा अशी अपेक्षा आहे. जेथे तो नाही त्या वारंवारता अहवालात स्वतंत्र नोंदवाव्यात, पुसू नयेत. किनाऱ्याजवळच्या ओव्हरहेड वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरवर मीठ साचून होणारी ठिणगी ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्धचक्रांत, म्हणजे सेकंदाला १०० वेळा फुटते. तशी लय दिसली तर आपल्या उत्पादनाला दोष देण्याआधी वाहिनी तपासावी.

सहावी पायरी: मोजणे

प्रत्येक मापनाच्या सुरुवातीला १० डेसिबलचा ॲटेन्युएटर वाढवून पाहावा. यंत्राने दुरुस्ती केल्यावर आकडा तोच राहिला पाहिजे. तो खाली गेला तर रिसीव्हर आधी ओव्हरलोड होता, आणि पडद्यावरची अर्धी शिखरे त्यानेच तयार केलेली असू शकतात. लिसनच्या पुढे पल्स लिमिटर ठेवणे चांगले, पण त्यातले डायोडही मोठ्या सिग्नलला नवी शिखरे निर्माण करतात, म्हणून त्यांच्यासाठी हीच तपासणी लिमिटरच्या आधी वेगळा ॲटेन्युएटर लावून करावी. १० डेसिबल किंवा अधिक ॲटेन्युएशन असताना रिसीव्हरचे इनपुट व्हीएसडब्ल्यूआर (इनपुटवरून सिग्नल किती परत फिरतो याचे माप) १.२ च्या आत असावे अशी १ गिगाहर्ट्झखाली अट आहे. शून्यावर ती २ पर्यंत सैल आहे. शून्य ॲटेन्युएशनवर मोजण्याची सवय याही कारणाने टाळावी.

सगळा पट्टा क्वासी-पीकने मोजणे शहाणपणाचे नाही. बी पट्ट्याला प्रति मेगाहर्ट्झ २०० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास १०० मिनिटे. ३० ते १००० मेगाहर्ट्झला प्रति मेगाहर्ट्झ २० सेकंद धरले तरी ५ तास २३ मिनिटे. क्वासी-पीक कधीही पीकपेक्षा जास्त नसते, म्हणून आधी पीकने वेगाने फिरावे, मर्यादेच्या वर किंवा जवळ येणाऱ्या वारंवारता टिपाव्यात आणि फक्त त्यांवर थांबून क्वासी-पीक व सरासरी घ्यावी. पीकच क्वासी-पीक आणि सरासरी या दोन्ही मर्यादांखाली असेल तर पुढे काही करायचे उरत नाही.

सातवी पायरी: प्रमाणपत्र वाचणे

कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ते आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकानुसार एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे आहे का, हे पाहावे, आणि त्या मान्यतेच्या व्याप्तीत सिस्पर १६-१-१ चा उल्लेख आहे का, हेही पाहावे. पुष्कळ प्रमाणपत्रांत ॲनलायझरची साइन लहरीची पातळी आणि वारंवारता एवढेच तपासलेले असते. त्यात ६ डेसिबल बँडविड्थ, पल्स प्रतिसाद आणि इनपुट व्हीएसडब्ल्यूआर यांची पाने नसतील, तर ते प्रमाणपत्र स्पेक्ट्रम ॲनलायझरचे आहे, व्यत्यय-रिसीव्हरचे नाही.

दोन कॅलिब्रेशनांच्या मधल्या काळात नेहमीची तपासणी कॉम्ब जनरेटरने (सारख्या अंतरावरच्या अनेक वारंवारतांवर स्थिर सिग्नल देणाऱ्या यंत्राने) करावी. तो ठरावीक जागी ठेवून काही वारंवारतांवरचे आकडे वहीत लिहावेत. जून ते सप्टेंबरच्या दमट, खारट हवेत एन कनेक्टरांवर गंज चढतो आणि रेडिओ लहरी शोषणारे फोम ओलावा धरतात, म्हणून गोव्यात हा ताळा पावसाळ्यात आठवड्याला नव्हे, रोज घ्यावा. केबलचा तोटा जून सुरू होण्याआधी आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजावा. आकडा २ डेसिबलने सरकला, तर आधी केबल आणि कनेक्टर बदलून पाहावेत. दोष बहुधा तेथेच सापडतो.

आठवी पायरी: अनिश्चितता

१६-४-२ मध्ये वीजवाहिनीवरील मापनासाठी १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये ३.४ डेसिबल, ३० ते १००० मेगाहर्ट्झच्या उत्सर्जनासाठी ६.३ आणि १ ते ६ गिगाहर्ट्झमध्ये ५.२ डेसिबल अशी संदर्भ मूल्ये दिलेली आहेत. आपली अनिश्चितता या मूल्याइतकी किंवा कमी असेल तर मोजलेला आकडा मर्यादेशी थेट ताडून पाहता येतो. ती जास्त असेल तर फरक वाचनात मिळवावा लागतो. उदाहरणार्थ, आपल्या लिसन-मापनाची अनिश्चितता ४.६ डेसिबल निघाली तर प्रत्येक वाचनात १.२ डेसिबल वाढवून मगच निकाल ठरवावा. रिसीव्हर, लिसन, केबल आणि जुळणीतील त्रुटी यांचा हा हिशेब एकदा बसून लिहून काढावा, आणि उपकरण, केबल किंवा जागा बदलली की तो नव्याने करावा.